पहाटेची थंडी आणि न सुरू होणारे वाहन
(खानदेशात स्वतःच्या वाहनाने येणाऱ्या यात्रेकरूंसाठी)

मार्गशीर्ष ते माघ हा खानदेशातील यात्रांचा काळ. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेडा येथे भरणारी एकमुखी दत्ताची यात्रा, महाशिवरात्रीच्या सुमारास चांगदेव व मुक्ताईनगर येथे लोटणारा जनसमुदाय, तोरणमाळच्या गोरक्षनाथाचे दर्शन, तसेच एरंडोलजवळचे पद्मालय, चाळीसगावजवळची पाटणादेवी, सातपुड्याच्या पायथ्याची मनुदेवी या सर्व ठिकाणी मुंबई, ठाणे, नाशिक, सुरत येथून खासगी वाहनाने येणारी कुटुंबे या दिवसांत मोठ्या संख्येने दिसतात. रात्री उशिरा पोहोचावे, वाहन मोकळ्या मैदानात उभे करावे, चार तास विश्रांती घ्यावी आणि पहाटे काकडआरतीला किंवा पुढील क्षेत्री निघावे, असा बहुतेकांचा क्रम असतो. नेमक्या त्या पहाटे किल्ली फिरवली की गाडी एकदा घुरघुरते आणि गप्प होते. गाडीत वृद्ध आईवडील शाली गुंडाळून बसलेले असतात, लहान मुले झोपेतून उठवून आणलेली असतात, आणि गॅरेज उघडण्यास अजून तीन तास अवकाश असतो. अशा वेळी घाईने केलेले उपाय कित्येकदा मूळ बिघाडापेक्षा महाग पडतात, क्वचित जिवावरही बेततात. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने समजून घेणे उपयुक्त ठरेल.

खानदेशची थंडी

बाहेरून येणाऱ्यास जळगाव-धुळे म्हटले की प्रथम उन्हाळा आठवतो. येथील थंडी त्याच्या कल्पनेत नसते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून वाहणारी तापी, अशी या प्रदेशाची रचना आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र व हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकून देते, थंड झालेली जड हवा सखल भागात साचते, आणि उत्तरेकडून वारे सुरू झाले की त्यात भर पडते. त्यामुळे समुद्रसपाटीपासून अवघ्या दोन-अडीचशे मीटर उंचीवरील जळगावचे किमान तापमान कित्येक पहाटे महाबळेश्वरच्याही खाली उतरलेले असते. धुळे येथील कृषी महाविद्यालयाच्या वेधशाळेत थंडीच्या लाटेत ५ अंश सेल्सिअसपेक्षाही कमी तापमानाची नोंद झालेली आहे. रावेर-यावल भागातील केळीबागायतदारांना ही थंडी चांगलीच परिचयाची असून, तिने केळीच्या पानांवर उमटणाऱ्या चट्ट्यांना ते चरका म्हणतात. बाग वाचवण्यासाठी रात्री पाणी देणे व बांधावर काडीकचरा पेटवून धूर करणे हे उपाय तेथे केले जातात.

मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. झोंबऱ्या वाऱ्याने माणसास थंडी अधिक वाजते, ती लोखंडास वाजत नाही. वाऱ्यामुळे इंजिन लवकर गार होते इतकेच. हवेच्या तापमानाच्या खाली ते जात नाही. आणि ६-७ अंश हे तापमान कोणत्याही निरोगी मोटारीस सहज सोसण्यासारखे आहे. कॅनडातील विनिपेगसारख्या शहरात पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत जातो, तेथे इंजिन रात्रभर उबदार ठेवण्यासाठी विजेच्या तारेने जोडून ठेवावे लागते. खानदेशात त्याची मुळीच गरज नाही. तरीही येथे गाड्या अडतात, याचा अर्थ त्यांच्यात काहीतरी आधीपासूनच कमकुवत झालेले असते. ते काय, हा खरा प्रश्न आहे.

दोष मे महिन्याचा, दर्शन पौषात

बहुतेक प्रसंगी हा दुबळा भाग म्हणजे बॅटरी होय, आणि ती थंडीने बिघडलेली नसते. तिची हानी उन्हाळ्यात झालेली असते. बॅटरीतील शिशाच्या जाळ्या व आम्लमिश्रित पाणी यांच्यातील रासायनिक क्रिया उष्णतेने वेगवान होतात. जाळ्या झिजतात, पाणी उडून जाते. २५ अंशांच्या वर तापमान दर ८ ते १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा या क्षेत्रातील ढोबळ हिशेब आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळची हवा ४५ अंशांच्या घरात असते. बॉनेटखाली त्याहून पुष्कळ अधिक. त्या काळात बॅटरी अर्धी खचली तरी चालकास कळत नाही, कारण गरम इंजिन फिरवण्यास जोर कमी लागतो. इंजिन ऑइल पातळ असते आणि उरलेल्या शक्तीवर गाडी सहज सुरू होते.

पौषात दोन्ही बाजूंनी ओढाताण होते. थंडीने बॅटरीतील क्रिया मंदावते, शून्य अंशाजवळ तिची क्षमता जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. त्याच वेळी इंजिन ऑइल दाट झाल्याने इंजिन फिरवण्यास अधिक जोर हवा असतो. लहान पेट्रोल मोटारीचा सेल्फ क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, डिझेल जीपचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. सुदृढ बॅटरी हे सहन करते. तीन-चार उन्हाळे पाहिलेली बॅटरी येथे उघडी पडते. म्हणून गाडी थंडीत अडली तर थंडीला बोल लावून सोडून देणे योग्य नाही. उन्हे वर आली की ती सुरू होईल, पण दुसऱ्या पहाटे, कदाचित अधिक एकाकी ठिकाणी, पुन्हा अडेल.

यात्रेच्या वाहनांत आणखी एक कारण भर घालते. दिंडीसोबतच्या जीपवर भोंगा व अॅम्प्लिफायर बसवलेला असतो, रथासारख्या सजवलेल्या गाडीवर दिव्यांच्या माळा असतात, रात्री मुक्कामी भजनाच्या ध्वनिफिती वाजतात, आणि हे सर्व इंजिन बंद असताना गाडीच्याच बॅटरीवर चालते. हिशेब सोपा आहे. लहान मोटारीच्या बॅटरीची क्षमता सुमारे ३५ ते ४५ अँपिअर-तास असते. समोरचे दोन मोठे दिवे मिळून ताशी सुमारे १० अँपिअर घेतात; म्हणजे विसरून राहिलेले दिवे चार तासांत बॅटरी रिती करतात. ५ अँपिअर घेणारा अॅम्प्लिफायर सहा तास वाजला, तर ३० अँपिअर-तास खर्च झाले. मुक्कामी ध्वनिक्षेपक हवाच असेल तर त्यासाठी स्वतंत्र बॅटरी बाळगावी, हे उत्तम.

आवाजावरून परीक्षा

गाडी सुरू न झाल्यास प्रथम किल्ली पुन्हा पुन्हा फिरवण्याचा मोह आवरावा आणि आवाज ऐकावा. अनुभवी मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी हेच करतो.

किल्ली फिरवली असता समोरचे दिवेही लागत नाहीत आणि काहीच आवाज येत नाही, तर बॅटरीशी असलेला संबंधच तुटलेला असतो. बॉनेट उघडून बॅटरीची दोन्ही टर्मिनले हाताने हलवून पाहावीत. ती सैल असतील किंवा त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर दोष तेथेच असण्याचा संभव मोठा. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ते ओतल्यास भुकटी फेसाळून निघून जाते. मग ऋण टर्मिनल आधी सोडवावे, धन नंतर, दोन्ही खरडून साफ करावीत आणि उलट क्रमाने, म्हणजे धन आधी व ऋण शेवटी, घट्ट बसवावीत. भुकटीत आम्ल असते, तिला उघडा हात लावू नये. वर थोडे व्हॅसलीन लावले की पुन्हा भुकटी धरण्यास विलंब लागतो. नव्या बॅटरीचा खर्च अनेकदा या पाच मिनिटांच्या कामाने वाचतो.

'टक्-टक्-टक्' असा जलद आवाज आला व दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे. एकच जोरकस 'टक्' होऊन पुढे काही नाही आणि दिवे मात्र प्रखर, तर बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या जाड तारेत दोष आहे. येथे मेकॅनिकच हवा. इंजिन सावकाश, कण्हत फिरते, तर बॅटरी दुर्बळ. आणि इंजिन नेहमीच्या वेगाने जोरात फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे. दोष इंधनाचा किंवा ठिणगीचा असतो, अथवा नव्या गाड्यांत किल्लीची सांकेतिक ओळख न पटल्याचा असतो. या शेवटच्या प्रसंगी किल्ल्यांच्या जुडग्यातील दुसरी किल्ली वापरून पाहावी.

साधा व्होल्टमीटर जवळ असल्यास अंदाज पक्का होतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट असतील तर ती पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास असतील तर निम्मी, १२ च्या खाली असतील तर रिकामीच समजावी.

पहाटे गाडी सुरू करताना

दिवे, पंखा, वातानुकूलन, मोबाइलचा चार्जर, सर्व बंद करावे. क्लच पूर्ण दाबून ठेवावा. त्यामुळे गिअरबॉक्समधील दाट तेल घुसळण्याचे श्रम सेल्फला पडत नाहीत. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा-एक मिनिट थांबावे. या विश्रांतीत बॅटरी थोडी सावरते व सेल्फ जळण्यापासून वाचतो.

कार्बुरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांत चोक पूर्ण ओढून सुरुवात करावी आणि इंजिन गरम होताच तो आत सारावा. इंधन फवाऱ्याने घेणाऱ्या नंतरच्या गाड्यांत चोक नसतो व सुरू करताना अॅक्सिलरेटर दाबण्याचीही गरज नसते. अनेकदा प्रयत्न करून पेट्रोलचा वास येऊ लागला, तर प्लग ओले झालेले असतात. दहा मिनिटे थांबून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एकदा सेल्फ मारावा. चांगदेवसारख्या नदीसंगमाच्या ठिकाणी धुके व दव पडते. तेथे जुन्या गाडीच्या प्लगच्या तारा व त्यांची टोपणे कोरड्या फडक्याने पुसल्याने गाडी सुरू झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. गॅसवर चालणारी गाडी थंडीत पेट्रोलवर सुरू करून, इंजिन ऊबदार झाल्यावर गॅसवर घ्यावी. यासाठी टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल असणे आवश्यक आहे. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवणारे चालक याच पहाटे फसतात.

डिझेल गाडीत ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटते. इंजिन फार गार असेल तर ती हवा पुरेशी तापत नाही. म्हणून अनेक डिझेल इंजिनांत हीटर प्लग असतात. किल्ली अर्धी फिरवली की गुंडाळलेल्या तारेची पिवळी खूण दिसते. ती विझेपर्यंत थांबूनच सेल्फ मारावा. कडक थंडीत किल्ली परत फिरवून ही क्रिया दोनदा करण्यास हरकत नाही. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे हीटर प्लग तपासावेत. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. फिल्टरमध्ये पाणी साचलेले असते, कोठेतरी हवा घेतलेली असते, किंवा डिझेलमधील मेण साकळून फिल्टर तुंबलेला असतो.

हा मेणाचा भाग थोडा समजून घ्यावा. डिझेलमध्ये स्वाभाविकपणे मेणासारखे घटक असतात व थंडीत त्यांचे कण होऊन फिल्टर अडतो. भारतीय मानकानुसार डिझेल फिल्टरमधून सुरळीत जाण्याची तापमानमर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश व उन्हाळ्यासाठी १८ अंश आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की हिवाळ्यात भरलेले डिझेल खानदेशात सहसा त्रास देत नाही. मात्र उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीस टाकी भरून क्वचितच बाहेर काढलेली, किंवा पिंपात साठवलेल्या डिझेलवर चालवलेली गाडी थंडीच्या लाटेत अडू शकते. अशा गाडीत यात्रेस निघण्यापूर्वी ताजे डिझेल भरावे.

दुसऱ्या गाडीची मदत

बॅटरी उतरलेली असेल तर जम्पर केबल हा सर्वांत चांगला उपाय. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्याच असाव्यात. ट्रक व मोठ्या बसची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते, तिच्याशी मोटार जोडल्यास मोटारीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. गाड्यांचे पत्रे एकमेकांस टेकू देऊ नयेत. तांबडी केबल प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास, नंतर चांगल्या बॅटरीच्या धन टोकास लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास लावून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर, लावावे. शेवटच्या जोडणीवेळी ठिणगी पडते आणि बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून हे अंतर. चांगली गाडी पाच मिनिटे चालू ठेवून मग बंद गाडी सुरू करावी व केबल उलट क्रमाने काढाव्यात. बॅटरीतील पाणी पाहण्यासाठी काडी किंवा उदबत्ती जवळ नेऊ नये, टॉर्च वापरावा.

धक्का मारणे हा आपल्याकडील आवडता उपाय, पण तो सपाट जागी व हाताने गिअर बदलण्याच्या गाडीतच करावा. किल्ली चालू ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबून गाडीस वेग आला की क्लच सोडावा. कन्नड घाट, लळिंग घाट किंवा तोरणमाळच्या रस्त्यावर उतारावरून गाडी सोडून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिन बंद असताना ब्रेक व स्टिअरिंग फार जड होतात. गाडीपुढे लोक चालत असतील, तर त्यांना चुकवणे शक्य होत नाही.

गाडी सुरू झाली की दर्शनासाठी लगेच बंद करू नये. जागेवर दहा मिनिटे चालवल्याने बॅटरी भरत नाही. तिला अर्धा-पाऊण तास रस्त्यावरची धाव हवी.

शेकोटी आणि बंद काचा

डिझेल साकळले म्हणून टाकीखाली पऱ्हाट्या किंवा चिंध्या पेटवणे ही काही मालमोटारचालकांची जुनी सवय आहे. यात्रेच्या मैदानात जेथे शेकडो वाहने एकमेकांस खेटून उभी असतात व जवळच चुली पेटलेल्या असतात, तेथे ही सवय भयंकर ठरू शकते. फिल्टर ऊबदार करायचा असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके त्याभोवती गुंडाळावे. बहुधा तेवढ्याने काम होते. तसेच ईथरचा फवारा मारून डिझेल इंजिन सुरू करण्याचा सल्ला कोणी दिल्यास, हीटर प्लग असलेल्या गाडीत तो मुळीच पाळू नये. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच पेटून इंजिन फुटू शकते.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. पहाटे गाडी सुरू होणार नाही या भीतीने काही कुटुंबे रात्रभर इंजिन चालू ठेवून, काचा लावून गाडीतच झोपतात. काही जण कोळशाची शेगडी आत घेतात. इंजिनाच्या व कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. झोपेत तो श्वासावाटे रक्तात मिसळतो आणि माणसास जाग येत नाही. डोके जड होणे, मळमळणे ही लक्षणे जागेपणी दिसली तर तत्काळ उघड्या हवेत यावे. झोपलेल्यास ती दिसतच नाहीत. लहान मुले व वृद्ध यांच्यावर याचा परिणाम लवकर होतो. गाडीतच रात्र काढावी लागली तर इंजिन बंद ठेवावे, घोंगड्या वापराव्यात आणि दोन काचा दोन बोटे उघड्या ठेवाव्यात. बॅटरी उतरण्याच्या भीतीपोटी घेतलेली ही जोखीम, जम्पर केबलच्या किमतीशी तुलना करता, किती विपरीत आहे हे सांगणे न लगे.

निघण्यापूर्वी

खंडेनवमी-दसऱ्यास वाहनाची पूजा होते. गाडी धुतली जाते, झेंडूच्या माळा चढतात. त्याच दिवशी बॉनेट उघडून टर्मिनले साफ करावीत, पाणी घालण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरावे आणि बॅटरीवरील निर्मितीची तारीख पाहावी. तीन वर्षे उलटली असतील तर बॅटरीच्या दुकानात भार देऊन तिची चाचणी करून घ्यावी. नुसते व्होल्ट पाहून खरी ताकद कळत नाही. खानदेशातील उन्हाळा काढलेल्या बॅटरीसाठी ही वेळ अगदी योग्य, कारण थंडी सुरू होण्यास अजून महिना-दीड महिना असतो.

मुक्कामी गाडी उभी करतानाही थोडा विचार करावा. मोकळ्या मैदानापेक्षा झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला ती कमी गारठते. मोकळ्यातच उभी करावी लागली तर तोंड पूर्वेकडे असावे, म्हणजे सकाळची उन्हे थेट बॉनेटवर येतात. पुढच्या बाजूस दुसरी गाडी शेजारी येऊ शकेल इतकी जागा ठेवावी, कारण जम्पर केबल दोन-तीन मीटरच लांब असते.

खानदेशातून उत्तरेस, विशेषतः बदरीनाथ-केदारनाथच्या यात्रेस ऑक्टोबरात स्ववाहनाने जाणाऱ्यांना मात्र येथील हिशेब पुरत नाही. बदरीनाथ सुमारे ३१०० मीटर उंचीवर आहे व केदारनाथाची दारे भाऊबीजेस बंद होतात, त्या सुमारास तेथे रात्री पारा शून्याखाली जातो. घरून भरलेले डिझेल वाटेतच संपवून डोंगरपायथ्याशी नवे भरावे. लडाख, कारगिल, काझा अशा भागांसाठी शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल २०१९ मध्ये उपलब्ध झाले, ते तेथील पंपांवर मागून घ्यावे. खानदेशात अनेक जण उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये साधे पाणी ओततात व ते तसेच राहते. ते पाणी शून्याखाली गोठून फुगते आणि इंजिनास तडा जातो. म्हणून निघण्यापूर्वी ते काढून योग्य प्रमाणातील कूलंट भरावे. पाणी गोठल्याची शंका आल्यास सेल्फ मारू नये. गाडी उन्हात ढकलून न्यावी, दुपारपर्यंत थांबावे, आणि रेडिएटरच्या खालच्या नळ्या हाताला मऊ लागू लागल्यावरच किल्ली फिरवावी.